मालकाचा नळ

आमच्या अण्णांचं एक ठेवणीतलं वाक्य आहे: 'मालकाच्या भिंतीला आपण चुना लावायचा नाही, तो आपल्याला लावतोच आहे.' या वाक्यावर मी वाढलो. नोकरीला लागलो, पुण्यात आलो, लग्न झालं, मुलगी झाली, चौदा वर्षांत सहा भाड्याची घरं झाली. पहिलं सोडलं तर उरलेल्या पाचही घरांत मी हे वाक्य व्रतासारखं पाळलं. भाड्याच्या घराला हात लावायचा नाही. नळ गळतोय, गळू दे. पंखा कुंथतोय, कुंथू दे. बल्ब गेला तर तेवढा बदलायचा, आणि घर सोडताना आपला काढून घेऊन जुना गेलेला परत लावायचा. हसू नका, हे मी खरंच केलं आहे. कर्वेनगरचं घर सोडताना बुटाच्या खोक्यात जपून ठेवलेले तीन उडालेले बल्ब मी स्टुलावर चढून जागच्या जागी लावले होते. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

आता मी तसं करत नाही. का करत नाही ते सांगायचं आहे, आणि सांगताना स्वतःची बाजू सावरायची नाही असं ठरवलं आहे. बघू किती जमतं.

अण्णांचं वाक्य आकाशातून पडलेलं नव्हतं. आम्ही गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. डबल रूम, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, आणि भाडं महिना साडेसव्वीस रुपये. हे मी १९८८ सालचं सांगतो आहे. इतकं कमी का, हा प्रश्न लहानपणी पडला नाही. पुढे कळलं की १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी धरून ती गोठवून टाकली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं भाडं आम्ही रंगीत टीव्हीच्या जमान्यात भरत होतो. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची भाडी एकत्र केली तरी मालकाला चाळीची दुरुस्ती परवडली नसती. मग तो दुरुस्ती करत नव्हता. आणि भाडेकरू म्हणत, भाडं देतो ना, मग आम्ही का करायची? दोघांचंही बरोबर होतं, आणि मधल्या मध्ये तुळई कुजत होती. १९६९ च्या कायद्याने अशा जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, आणि आमच्या चाळीला टेकू आले. जिन्याखालच्या टेकूला आम्ही पोरं स्टंप म्हणून वापरायचो. सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवास्तव झाली आहेत असं म्हटलं ते १९९७ मध्ये; तोवर टेकूलाही वाळवी लागली होती.

आमच्या मोरीतल्या नळाला एक चिंधी बांधलेली असे. नळ गळायचाच, पण चिंधीमुळे थेंबाचा आवाज होत नसे. पाणी चिंधीवरून ओघळून गुपचूप खाली जाई. दर दिवाळीला आई चिंधी बदलायची. वायसर बदलावा असं घरात कोणाला सुचल्याचं मला आठवत नाही. नळ मालकाचा होता, चिंधी आमची.

पुण्यात मी २००९ मध्ये आलो. सिंहगड रस्त्यावरचं पहिलं घर, नवी हौस. स्वयंपाकघरातला नळ बदलला, बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी बसवली. (पुण्यात कबुतरांसाठी जाळी म्हणजे कबुतरं येऊ नयेत म्हणून.) घर सोडताना मालकांनी भिंतीवरचे खिळे मोजले. आठ भरले. रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं करारात होतंच, ते कापलं. वर खिळ्यांचे दोन हजार. मी नळ आणि जाळीचा विषय काढला तर म्हणाले, 'तुम्हाला कोणी सांगितलं होतं?' त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, नुसते 'हं' म्हणाले, आणि त्या 'हं'मध्ये सगळी चाळ होती.

तेव्हापासून व्रत सुरू झालं. त्याला मी तत्त्व म्हणायचो. कोणी विचारलं तर कायदाही सांगायचो: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४, घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना चहा पाजून मी हे कलम ऐकवत असे. अकरा महिन्यांचे दोनेक करार संपत आले की पुढचं घर बघायचं, ही रीतच पडली होती. अकराच का, तर वर्षाच्या आत राहिलं की नोंदणी लागत नाही, असं सगळे सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदलेलाच हवा. तरी आपल्याकडे अकरा ते अकराच. आणि अकरा महिन्यांच्या माणसाला घराच्या दुखण्यात काय रस असणार? डॉक्टरकडे रांगेत शेजारी बसलेल्या माणसाच्या खोकल्यात असतो तेवढा.

कोथरूडचं आत्ताचं घर सहावं. ऐंशीच्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला. मालक मुलाकडे कॅलिफोर्नियात. हे घर आम्हाला सोडवेना. मुलीची शाळा चालत सात मिनिटांवर, आणि मालक भाडं बेताने वाढवतात. करार दोनदा नवा झाला.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत संडासातल्या फ्लशच्या टाकीला पाणी आणणारी नळी गळू लागली. नळी जिथे भिंतीतल्या अँगल कॉकला जोडलेली असते, त्या नटातून. थेंब थेंब. मी त्याचा फोटो काढून मालकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं, 'करून घ्या ना, भाड्यातून वळते करा.'

मी तुम्हाला आधीच सांगितलं की बाजू सावरणार नाही. मालक नाही म्हणाले असते तर माझं तत्त्व शोभून दिसलं असतं. ते हो म्हणाले होते. पैसे त्यांचे जाणार होते. तरीही मी चार महिने काही केलं नाही. का? कारण प्लंबरला फोन मी करायचा, त्याची वाट बघत रविवार मी घालवायचा, हिशेब मी ठेवायचा. पैसे त्यांचे, पण रविवार माझा! मी नळीखाली एक प्लास्टिकचा मग ठेवला. आईची चिंधी आणि माझा मग यांत फरक एवढाच की चिंधीला निदान आवाज बंद करायची लाज होती.

मग भरून वाहायचा. पाणी कमोडच्या मागे, टाइल्सच्या फटींतून कुठेतरी जायचं. कुठे जातं हा प्रश्न मला पडला नाही. मुलीला पडला, पण वेगळ्या अंगाने. तिने घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला साठ थेंब. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. 'बाबा, चार महिन्यांत पाचशे लिटर झालं. गच्चीवरची अर्धी टाकी.' मी तिच्या गणिताचं कौतुक केलं आणि पेपर वाचत बसलो.

जूनमध्ये एकदा खालच्या काकूंचं कुरिअर आमच्याकडे आलं. काकू पंचाहत्तरीच्या, एकट्या असतात, मुलगा बंगळुरूला. खोकं द्यायला गेलो. त्यांनी आंब्याची फोड पुढे केली, मग हात धुवायला म्हणून मी न्हाणीघरात गेलो. बटण दाबलं, दिवा लागेना. काकू बाहेरून म्हणाल्या, 'तिथे मेणबत्ती आहे बघा, स्टुलावर.' बादलीच्या शेजारी स्टूल, स्टुलावर बशीत मेणबत्ती, शेजारी काड्यापेटी. बशीतलं मेण चांगलं बोटभर साचलेलं.

'दिवा गेलाय का?'

'गेला नाही हो, बंद करून ठेवलाय. छतात ओल आली ना. दिवा लावला की ते मीटरपाशी काय बसवलंय ते खटकन पडतं आणि सगळं घर अंधारात. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आजी, ओल वाळेपर्यंत हा पॉइंट वापरू नका.'

मी मोबाइलचा टॉर्च वर धरला. छताला ओलीचा मोठा डाग, कडांना पिवळा, मध्ये काळपट. एका जागी पोपडा पडून आतली सळई दिसत होती, गंजून फुगलेली. काकूंच्या छतावर त्या जागी काय आहे हे मला सांगायला कोणी लागत नव्हतं. माझा मग होता.

मी पुटपुटलो, काकू, हे आमच्या नळीमुळे असणार, तुम्ही सांगायचं नाहीत का? त्यावर काकू जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं देतो, कारण तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. 'तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही भाडेकरू. आज आहात, उद्या नाही. मी मालकांनाच फोन लावला होता, अमेरिकेला. दोनदा लावला. लागला नाही.'

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडण मला येतं. त्या मला सूट देत होत्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने अमेरिकेला दोनदा फोन लावून पाहिला, पण मधल्या अठरा पायऱ्या चढून माझं दार वाजवावं असं तिला वाटलं नाही, कारण दारामागे घराचं बरंवाईट विचारता येईल असं कोणी राहतंय हे तिच्या हिशेबातच नव्हतं. आणि त्यात तिचं काय चुकलं? इतकी वर्षं मीच तर सगळ्यांना हे सांगत आलो होतो. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते मला शिवीसारखं लागलं.

त्याच संध्याकाळी प्लंबर आला. आल्या आल्या विचारलं, 'लायनीचा कॉक कुठाय?' अँगल कॉक बंद करून काम झालं असतं, पण तो कित्येक वर्षांत कोणी फिरवलाच नव्हता; क्षार बसून दगड झाला होता. म्हणजे वरून पाणी बंद करायला हवं. लायनीचा कॉक कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या घरात राहत होतो. बंगळुरूच्या हॉटेलात एक रात्र राहिलो तर आगीतून बाहेर पडायच्या रस्त्याचा नकाशा दाराच्या मागे बघून ठेवतो, आणि घराचं पाणी कुठे बंद होतं ते ठाऊक नाही. आम्ही गच्चीवर गेलो. टाकीखाली चार कॉक ओळीने, कोणावर काही खूण नाही. जुन्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला वेगळा कॉक नसतो, वरून खालपर्यंत एका लायनीत तिन्ही मजले. एकेक बंद करून बघत बसलो. तिसरा आमचा निघाला. तोवर निम्म्या इमारतीची ओरड गच्चीपर्यंत आली होती.

दुखणं होतं नटाच्या आतल्या रबरी वायसरचं. प्लंबरने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. उन्हात वाळलेल्या भेंडीच्या चकतीसारखा, कडक, एका बाजूला चिरलेला. दहा रुपयांची वस्तू. अँगल कॉकही बदलावा लागला, तेव्हा तो मला दाखवत होता: आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, नाहीतर आवळताना उलगडून येते. दहा-बारा वेढे. पण नळीच्या नटाला टेप नाही. 'वायसर असतो तिथे टेप नको साहेब, तिथे वायसरच पाणी धरतो. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव फेरा. बस. लोक ताकद दाखवतात आणि वायसर फाडतात.' एकूण नऊशे रुपये झाले. अर्धा तास लागला. चार महिने मी जो रविवार वाचवत होतो तो अर्ध्या तासाचा होता.

काकूंचं छत वाळायला दिवाळी उजाडली. पोपडे पाडून, सळई घासून, प्लॅस्टर करून घ्यायचा खर्च मालकांनी पाठवला. एक प्रश्न विचारला नाही, चार महिने काय करत होता एवढाही नाही. खरं सांगतो, त्यांनी कटकट केली असती तर बरं वाटलं असतं.

त्या पावसाळ्यात मी ते लाडकं कलम १४ पहिल्यांदा पूर्ण वाचलं. एवढी वर्षं मी त्याचं पहिलं अर्धं वाक्य सांगत फिरत होतो. मालकाने घर राहण्याजोगं ठेवावं, हे आहेच. पण त्याच्या आधी, उलट करार नसेल तर, अशी अट आहे. आणि आमच्या लिव्ह अँड लायसन्सच्या छापील करारात नेहमीची झीज सोडून बाकी नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचं, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्यावर माझी सही, अंगठा, फोटो, सगळं आहे. शिवाय कलम बोलतं ते 'भाडेकरू'बद्दल, आणि लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू असतोच असं नाही, हे एका वकील मित्राने चहा पिता पिता सांगितलं. पण मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. मालकाने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे ज्या कायद्याच्या आडोशाला मी हातावर हात ठेवून बसलो होतो, त्यातला भाडेकरू उठून पाना घेणारा होता.

मग मी घर बघायला लागलो. बघायला लागलो म्हणजे खरोखर बघायला. बैठकीतला पंखा पाचावर ठेवला तरी दोनावर असल्यासारखा फिरायचा. आम्ही ते त्याचं वय समजत होतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात कळलं की बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरॅडचा, काड्यापेटीहून लहान, शंभराच्या आत मिळतो. बसवताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. एमसीबीच खाली पाडायचा, आणि तरी टेस्टर लावून बघायचा. पंखा सुरू केला तेव्हा टेबलावरची बिलं उडाली आणि बायको आतून धावत आली. तिने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'म्हणजे तीन उन्हाळे आपण उगाच शिजलो?' यावर काय बोलणार?

मीटरपाशी ते खटकन पडणारं यंत्र आमच्याकडेही निघालं. त्यावर एक 'टी' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडलं तर ते जागं आहे. घरातलं हे यंत्र साधारण तीस मिलिअँपियर वीज भलतीकडे गळली तरी पुरवठा तोडतं. आमचं पडलं नाही. कधीपासून मेलेलं होतं देव जाणे, आणि आम्ही त्या भरवशावर ओल्या हाताने गीझर लावत होतो. हे मात्र मी स्वतः केलं नाही, इलेक्ट्रिशियन बोलावला. मालकांना फक्त बिल पाठवलं. गीझरनेही मला मामा बनवलं: त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकताना बघून मी पाना घेऊन सरसावलो, तर शेजारचे म्हणाले, अहो, पाणी तापलं की फुगतं, ते थोडं बाहेर सोडणं हेच त्याचं काम. तो बुजवाल तर टाकी फुटेल. हे कळायलाही चाळिशी उलटावी लागली.

पण सगळ्यात जास्त वरमलो ते गॅसच्या नळीपाशी. शेगडीच्या मागची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पुसून बघितली तर तिच्यावर साल छापलेलं होतं, २०१४. तेव्हा २०२३ चालू होतं. आणि ही मालकाची नव्हे. गॅस माझ्या नावावर, शेगडी माझी, नळी माझी; घरं बदलताना मीच ती गुंडाळून टेम्पोत टाकत आलो होतो. दुसऱ्याच्या वस्तूकडे बघायचं नाही असं ठरवून बसलो होतो, त्यात स्वतःच्या वस्तूकडे बघायची सवयही कधी मोडली ते कळलंच नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं हो. आळस होता, त्याला अण्णांनी एक चांगलं वाक्य दिलं होतं.

आता सगळं येतं असं समजू नका. नव्या मुल्लाला बांग जरा जास्तच. बोहरी आळीत जाऊन मी पाना, पक्कड, पेचकस, टेपचे चार रीळ आणि लागतील न लागतील असे वायसर आणले, आणि पुढच्याच रविवारी न्हाणीघरातला जुना नळ बदलायला घेतला. तो हलेना. मी ताकद दाखवली. नळ हातात आला, आणि त्याचे आटे भिंतीतच राहिले. लायनीचा कॉक बंद केलेला होता म्हणून निभावलं, पण तुटका तुकडा काढायला टाइल फोडावी लागली, त्या रंगाची टाइल आता कुठे मिळत नाही, आणि अठराशे रुपये गेले. ते मी मालकांना मागितले नाहीत. न्हाणीघरात एक टाइल अजून पांढरी आहे, बाकीच्या बदामी. मुलगी तिला 'बाबांची टाइल' म्हणते. गंजलेल्या आट्यांना मी आता हात लावत नाही.

जुन्या मताचा काही भाग मी अजून धरून आहे, आणि तो सोडायची इच्छाही नाही. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ती बाहेरच्या भेगेमुळे. बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, पावसाची गळती हे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम. तिथे मी आतून रंगाचे हात मारत बसणार नाही. मालक घरात राहत नाहीत म्हणून सोसायटी त्यांच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, आमची घेतेही. पण मी सभेत भेगेबद्दल बोलायला उभा राहिलो तर 'तुम्ही सभासद नाही' म्हणून खाली बसवलं. बसलो. दुसऱ्या दिवशी मालकांकडून सेक्रेटरींना पत्र पाठवायला लावलं. घर ताब्यात घेताना खोलीखोलीचे फोटो काढणं, लहानमोठ्या कामाचं बिल मालकांना त्याच दिवशी पाठवणं, हेही मी सोडलेलं नाही. खिळे मोजणारी माणसं जगातून गेलेली नाहीत. बदललंय ते एवढंच की पन्नास-शंभराच्या कामाला मी आता कोणाला विचारत नाही आणि वळतेही करून घेत नाही. सुरुवातीला ते जड गेलं. कपॅसिटर बसवला तेव्हा डोक्यात आलंच होतं, आपण जाऊ आणि या पंख्याची हवा दुसराच कोणी खाईल. खाऊ दे की.

गच्चीवरच्या चार कॉकांवर मी ऑइलपेंटने आकडे घातले आहेत, आणि कोणता कोणाचा त्याची यादी जिन्यातल्या फळ्यावर लावली आहे. अक्षर बरं आलंय. एकाही सभासदाने आजवर तक्रार केलेली नाही.

अण्णा गेल्या वर्षापासून आमच्याकडे असतात. चाळ पुनर्विकासाला गेली, टेकू वगैरे सगळं. माझी पान्याची पिशवी त्यांना अजिबात पसंत नाही. मी स्टुलावर चढलो की ते खुर्चीतून विचारतात, 'मालकाने सांगितलंय?' मी नाही म्हणतो. 'कापून घेणार आहेस?' नाही. मग ते पेपर वर धरतात. त्यांचं मत बदलेल असं मला वाटत नाही, आणि बदलावं असा माझा हट्टही नाही. साडेसव्वीस रुपयांच्या घरात ते त्रेचाळीस वर्षं राहिले आहेत.

मागच्या रविवारी सकाळी ते मोरीत तोंड धूत होते. आतूनच हाक आली, 'अरे, हा नळ गळतोय तुमचा.' मी जाऊन बघितलं. आपण मघाशी कोणाचा नळ म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मीही आणून दिलं नाही. पिशवीतून वायसर काढला, गच्चीवर गेलो आणि तीन नंबरचा कॉक बंद केला. खाली उतरतोय तोच जिन्यातून काकूंचा आवाज आला, 'अहो, पाणी गेलं का? मी साबण लावून बसलेय!'

'दहा मिनिटं, काकू,' मी ओरडलो आणि परत वर पळालो.